घोडी माजलेली नाहीये भाऊ, माश्या तिला फोडून खाताहेत

चोपडा तालुक्यातून एका भावाचं पत्र आलंय, लांबलचक आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देतो:

"दादा, आमच्याकडे चांदणी नावाची पांढरी घोडी आहे, सात वर्षांची, लग्नाच्या वरातीला जाते. घराला लागून पत्र्याचं शेड, बाजूला काकांच्या चार म्हशी, मागे केळीची बाग. मार्च संपता संपता माश्या सुरू होतात, आता एप्रिलमध्ये एवढ्या झाल्यात की घोडी दिवसभर पाय आपटते, पोटाला लाथा मारते, अंग थरथरवते, चंदी (दाणा) पण नीट खात नाही. मागच्या आठवड्यात वरातीत नवरदेव वर बसलेला असताना तिने मागचा पाय झाडला, एक पोरगा थोडक्यात वाचला. तेव्हापासून आमचे नाना म्हणतात, हाई घोडी माजी गयी, सारंगखेडाले इकी टाकूत (म्हणजे घोडी माजलीय, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकून टाकू). शेजारी सांगतात म्हशीचं गोचिडाचं औषध मार, कोणी म्हणतं जळकं ऑइल लाव, कोणी म्हणतं लसूण चार. मोबाईलवर झेब्र्यासारख्या पट्ट्यांची चादर पाहिली, ती मागवू का? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास सहा वराती बुक आहेत. काय करू?"

भाऊ, बाकीचं सगळं नंतर, आधी हे ऐक: ते गोचिडाचं औषध तिच्या अंगावर मारू नकोस. आणून ठेवलं असेल तर काकांच्या घरी परत ठेवून ये. म्हशी-बकऱ्यांच्या गोचिडावर जी औषधं सर्रास वापरतात त्यात अमिट्राझ नावाचं एक आहे, गुरांना ते चालतं पण घोड्याला नाही चालत, घोड्याच्या आतड्याची हालचालच मंदावते, लीद आत अडकते आणि पोटशूळ उठतो. हे मी पुस्तकातलं नाही सांगत आहे. आमच्याकडे धुळ्याला टांग्याची घोडी होती, मी तेव्हा आठवी-नववीत असेन, उन्हाळ्यात तिच्या अंगावर माश्या आणि गोचीड दोन्ही झालेले आणि माझ्या काकांनी कोणाचं तरी ऐकून गुरांचं औषध बादलीत कालवून तिला पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती जमिनीवर लोळायला लागली, उठायची, पोटाकडे वळून बघायची, परत लोळायची, दोन रात्री आम्ही कंदील घेऊन तिला फिरवत होतो, डॉक्टर तीन वेळा येऊन गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने लीद टाकली तेव्हा काका तिथेच बसून रडले. घोडी वाचली, पण ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणून हे एवढं जोरात सांगतोय.

तसंच कपाशीवर मारायचं औषध, रॉकेल, जळकं ऑइल, फिनेल, यातलं काहीच अंगावर नको. घोड्याची कातडी म्हशीच्या कातडीपेक्षा कितीतरी नाजूक असते, त्यात तुझी घोडी पांढरी, पांढऱ्या घोड्यांत बऱ्याच जणांची खालची कातडी गुलाबी असते, ती तर उन्हानेच भाजते, तिच्यावर ऑइल लावून 44 डिग्रीत उभं केलं तर काय होईल तूच विचार कर. लसणाचं पण तेच, रोज भरपूर लसूण चारला तर घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि अंगात रक्त कमी होतं. माश्या आधीच रक्त पिताहेत, वरून आपण पण कमी करायचं का?

आता नानांच्या बोलण्याकडे येतो. घोडी माजलेली नाहीये. तू जे लिहिलंस, पाय आपटणं, पोटाला लाथ, कातडी थरथरवणं, हे सगळं चावऱ्या माश्यांचं लक्षण आहे, आणि त्यातही पाय आणि पोट म्हटल्यावर मला एकाच माशीचा जास्त संशय येतो. ती दिसते आपल्या घरातल्या माशीसारखीच, त्यामुळे लोक म्हणतात "साध्या माश्या आहेत, चावत थोडीच", पण जवळून बघ, तिच्या तोंडाखालून सुईसारखी कडक सोंड पुढे आलेली असते. पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली, डोकं वर करून बसलेली दिसेल. या जातीत नर आणि मादी दोघंही रक्त पितात, आणि चावतात दिवसाच, त्यात सकाळी आणि ऊन उतरताना जास्त. म्हणजे तुझी वरात निघायची वेळ आणि त्यांची जेवायची वेळ एकच. वर नवरदेव, समोर डीजे, आजूबाजूला पोरं, आणि पोटाखाली सुया टोचताहेत, शेपटी पण सजवून गोंडे बांधून ठेवलेली, मग त्या मुक्या जीवाने पाय झाडायचा नाही तर काय करायचं? नानांना हे वाचून दाखव. घोडी विकायचा निर्णय त्यांचा आहे पण निदान खोट्या आरोपावर नको.

दुसरी माशी मोठी असते, मोठ्ठे चमकणारे डोळे, आवाज करत येते. ती टोचत नाही, कातडी कापते आणि बाहेर आलेलं रक्त चाटते, म्हणून ती बसली की घोडा उधळतो. यात फक्त मादी चावते. ती उन्हात, पाण्याच्या आणि चिखलाच्या बाजूला जास्त, अंधाऱ्या शेडमध्ये सहसा शिरत नाही. आणि तिसरी ती चपटी चिवट माशी, शेपटीखाली आणि जांघेत चिकटून बसते, खेकड्यासारखी आडवी पळते, चिमटीत पकडली तरी मरत नाही. तिला खराऱ्याच्या वेळी, म्हणजे अंग घासून साफ करताना, हातानेच काढावं लागतं. संध्याकाळी अजून बारीक चिलटं येतात, डोळ्याला नीट दिसतही नाहीत, त्यांच्या चावण्याने काही घोड्यांना इतकी खाज येते की आयाळ आणि शेपटीचं बूड खांबाला घासून घासून रक्त काढतात. चांदणीची आयाळ कुठे तुटलीये का बघ.

आता उपाय. सगळे स्प्रेबद्दल विचारतात, मी सांगतो स्प्रे सगळ्यात शेवटी. अंगावर दिसतात त्या माश्या म्हणजे बघ, पोट भरायला आलेल्या, थोडा वेळ बसतात आणि उडून जातात, तू शंभर मारल्यास तरी उकिरड्यात हजार तयार होत असतात. पायावरच्या त्या माशीची अंडी घालायची जागा म्हणजे लीद, मूत आणि ओला सडका चारा यांचा एकत्र चिखल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एक घोडी दिवसाला 15 ते 20 किलो लीद टाकते, त्यात बाजूला चार म्हशींचं शेण, मागे केळी. आता मला सांग, केळीची तोडलेली खोडं आणि पानं तुम्ही कुठे टाकता? शेडच्या मागेच ना? रावेर, यावल, चोपडा, सगळीकडे मी हेच बघितलंय, बाग पाण्याखाली, खोडं सडताहेत, शेजारीच गोठा, आणि मग म्हणायचं माश्या कुठून येतात कळत नाही.

लीद रोज दोनदा उचल, सकाळी आणि दुपारून, आणि घोडीपासून जितकी लांब नेता येईल तितकी ने. ढीग घालायचा तर वर जाड प्लॅस्टिक टाकून कडा मातीने दाबून टाक, आत इतकी उष्णता होते की अळ्या मरतात आणि खतही चांगलं होतं, केळीलाच वापर. ढीग नको असेल तर दुसरा रस्ता, शेतात पातळ पसरव, आपलं ऊन एवढं जबरदस्त आहे की एका दिवसात कोरडं ठणठणीत होतं आणि कोरड्यात अळी जगत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाला आपण सगळे शिव्या घालतो पण इथे ते आपल्या कामाचं आहे. फक्त अर्धवट ओला ढीग उघडा ठेवू नकोस, तीच त्यांची आवडती जागा. आणि शेडमध्ये जिथे घोडी मुतते ती जागा खोदून काढ, ओली माती बाहेर, कोरडा मुरूम भर, थोडा उतार दे म्हणजे मूत साचणार नाही. पाण्याच्या टाकीखाली गळतंय का ते बघ. गव्हाणीखाली पडलेला चारा, भिजलेला कडबा, भुसा, सगळं रोज झाडून काढ, लोक लीद उचलतात आणि हेच विसरतात.

पण तू एकट्याने करून भागणार नाही, काकांच्या म्हशींकडे पण हेच करावं लागेल, माशीला बांध कळत नाही. काकांशी गोडीत बोल, म्हशीला पण माश्या चावल्या की ती दूध कमी देते, हे सांगितलंस तर ते ऐकतील.

हे आज सुरू केलंस तर फरक दिसायला तीन आठवडे लागतील, कारण ज्या अळ्या आधीच तयार आहेत त्या उडणारच. तोपर्यंत घोडीला आडोसा पाहिजे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पंखा. माश्या आणि विशेष करून ती बारीक चिलटं जोराच्या वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत, एक मोठा फर्राटा पंखा असा लाव की वारा तिच्या पोटाखाली आणि पायांवर येईल, फक्त वायर तिच्या तोंडापासून आणि पायापासून लांब, वरून घे. गरमीला पण मदत होते. कूलर लावत असशील तर शेड उघडं ठेव आणि खाली पाणी सांडू देऊ नकोस, नाहीतर एकीकडे घोडी थंड आणि दुसरीकडे माश्यांची सोय.

शेपटी आणि आयाळ उन्हाळ्यात अजिबात कापू नकोस. वरातीवाले शोसाठी शेपटी छाटतात ते बघून मला फार वाईट वाटतं, देवाने दिलेला तो एकच पंखा आहे तिच्याकडे. डोळ्यांवर दोऱ्यांची झालर बांध, जुनी माणसं बांधायची ती काही नुसती शोभा नव्हती, मान हलली की दोरे हलतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसत नाही. मच्छरदाणीच्या कापडाचा मास्क पण घरी शिवता येतो, फक्त जाळी डोळ्याला टेकली नाही पाहिजे आणि रात्री काढून ठेवायचा. आणि तिला इतकं आखूड बांधू नकोस की मान वळवून पोटापर्यंत तोंड नेता येणार नाही. वरून पिछाडी (मागच्या पायांना बांधायचा दोर) पण लावून ठेवतात लोक, म्हणजे मान नाही वळत, पाय नाही हलत, माश्यांना ताट वाढून दिल्यासारखं. उघड्यावर दोन घोडे एकमेकांच्या उलट तोंड करून उभे असतात ना, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर, ते त्याच्यासाठीच. चांदणी एकटी आहे, तिला ते पण नाही.

कडुनिंबाचं तेल चालतं, मी वापरलंय, पण नुसतं नाही लावायचं, कातडी लाल होते. एक भाग कडुनिंबाचं आणि नऊ-दहा भाग खोबरेल, आधी मानेवर चार बोटं जागेत लावून एक दिवस थांब, काही झालं नाही तर पाय, पोट आणि छातीला, ऊन उतरल्यावरच. दोन-चार तास टिकतं, चमत्कार नाहीये. तेल लावून दुपारच्या उन्हात उभी करू नकोस. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आपल्याकडे घरोघरी करतात, तो मोकळ्या जागी, वाऱ्याच्या बाजूला, थोडा वेळ ठीक आहे पण बंद शेडमध्ये नको, घोड्याची फुप्फुसं धूर आणि धुळीला फार नाजूक असतात, माश्या जातील आणि खोकला येऊन बसेल.

एवढं करूनही फवारणी लागलीच तर घोड्यांसाठी चालणारं पर्मेथ्रिनसारखं औषध असतं, पण ते कोणतं, किती पाण्यात, किती दिवसांनी हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, दुकानदाराला विचारून नाही. 1962 नंबरवर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येते, तिथे पण विचारता येतं. तोंडाला कधी फवारायचं नाही, कपड्यावर घेऊन पुसायचं. घरात मांजर असेल तर सांभाळ, मांजराला ते विष आहे. आणि ते निळ्या लाईटचे किडे मारायचे मशीन घेऊ नकोस, त्यात बिचारे पतंग मरतात, चावऱ्या माश्या फारशा नाही येत.

झेब्र्याच्या चादरीचं. हसण्यावारी नेऊ नकोस, ते खरं आहे. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्ट्यांच्या चादरी घालून बघितलं, माश्या जवळ येत होत्या तेवढ्याच पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरताच येत नव्हतं, उघड्या डोक्यावर मात्र नेहमीसारख्या बसल्या. आणि तुझ्यासाठी त्याहून चांगली बातमी म्हणजे पांढऱ्या घोड्यावर त्या मोठ्या माश्या मुळातच कमी येतात. काळ्या-तांबड्या चकचकीत अंगावरून उजेड जसा परततो तसाच पाण्यावरून परततो, आणि त्या माश्या पाण्याच्या शोधात असतात म्हणून फसतात, हंगेरीतल्या लोकांनी हे शोधलं आणि त्यांना 2016 ला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसू येईल आणि मग विचार करायला लावेल अशा संशोधनाला देतात ते बक्षीस. म्हणून तर मी म्हणतो चांदणीला छळणारी माशी ती मोठी नाही, ती उकिरड्यातली आहे. चादर घ्यायचीच असेल तर एकदम पातळ जाळीची, हवा खेळणारी. जाड कापड आपल्या एप्रिल-मे मध्ये नको, माश्यांपेक्षा उष्माघात लवकर मारेल.

वरातीच्या दिवशी काय करायचं ते नीट ऐक. निघायच्या आधी ओल्या कपड्याने अंग पुसून घाम काढ, घामाच्या वासाने माश्या येतात. पाय, पोट, छाती पुसून तेल हलकं लाव, खोगिराखाली तेल नको, घसरेल आणि घासेल. शेपटी मोकळी सोड, गोंडे लावायचे तर वर बुडाशी, खाली नाही. आणि एक माणूस फक्त तिच्या मागच्या बाजूला, पोरांना लांब ठेवायला आणि हातात ओला टॉवेल घेऊन पोटाखालच्या माश्या हाकलायला, त्याचे शंभर-दोनशे रुपये जास्त माग बुकिंगवाल्याकडे, देतात लोक. ज्या दिवशी ती फारच बेचैन असेल त्या दिवशी वरात सोड. सहापैकी एक बुडाली तर चालेल, वर कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

एक गोष्ट मनात ठेव, घाबरवायला सांगत नाहीये. या माश्या नुसतं रक्त पीत नाहीत, एका जनावराचं रक्त तोंडाला लागलेलं असताना दुसऱ्यावर बसतात आणि सर्रा नावाचा रोग पसरवतात. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने डेरा इस्माईल खानकडे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्याचे जंतू पहिल्यांदा पाहिले. म्हशीला किंवा उंटाला तो असला तरी कधी कधी वरून काहीच दिसत नाही, घोड्याला मात्र मारतो. ताप येतो, उतरतो, परत येतो. खाऊन-पिऊन घोडी वाळत जाते, हिरड्या फिक्या पडतात, पोटाखाली आणि पायांना सूज येते, मागचे पाय लटपटतात. "नीट खात नाही" असं तू लिहिलंस म्हणून मला काळजी वाटली. उद्याच थर्मामीटर घे, शेपटीखाली लावून बघ, सकाळी थंड वेळेला 99 ते 101 फॅरनहाइट असेल तर ठीक, 101.5 च्या वर गेलं तर डॉक्टरांना बोलावून रक्ताची काच तपासून घे आणि सर्राचं नाव तू स्वतः काढ. यावर औषध आहे, लवकर कळलं तर घोडी वाचते. मेंढपाळांची घोडी-उंट गावाजवळ मुक्कामाला आले असतील तर तेवढे दिवस चांदणीला त्यांच्यापासून लांब बांध.

आणि अंगावर कुठे जखम असेल, खोगिराने लागलेलं, नाही तर डोळ्याच्या, ओठाच्या कोपऱ्यात, तर ती उघडी ठेवू नकोस. माश्या त्यात जंताची पिल्लं सोडतात आणि मग ती जखम लाल, दाणेदार होऊन पूर्ण उन्हाळा भरत नाही, कितीही हळद लावली तरी. असं दिसलं तर डॉक्टरकडून जंताचं औषध लागतं.

आता तू एक काम कर. उद्या सकाळी आठच्या सुमारास चांदणी सावलीत उभी असताना तिच्या पुढच्या दोन पायांवर गुडघ्याखाली किती माश्या बसल्यात त्या मोज, पाच मिनिटं थांबून परत मोज, आणि वहीत लिही. मग शेड साफ करायला घे, काकांना सोबत घे. तीन आठवड्यांनी त्याच वेळेला, त्याच जागी परत मोज. दोन्ही आकडे मला कळव, आणि कळवायच्या आधी ती वही नानांना दाखव, सारंगखेड्याची यात्रा डिसेंबरात आहे, तोपर्यंत त्यांना घोडी नीट बघू दे.